पबमध्ये बेस वाजवायचाय? आधी एक्स्टेन्शन बोर्ड घ्या

इंदूरच्या विजयनगरमधल्या एका पबात मी पहिल्यांदा वाजवायला गेलो तेव्हा माझ्याकडे बरा बेस गिटार होता, आवाजाचा रंग बदलणारी तीन पेडलं होती, नवी कोरी केबल होती. फक्त प्लग लावायला जागा नव्हती. स्टेज म्हणजे बारच्या काउंटरला खेटून अंथरलेला गालिचा. सगळ्यांत जवळचं सॉकेट काउंटरच्या आत, आणि त्यात ज्यूसचा मिक्सर. काउंटरवरच्या पोरानं मोठ्या मनानं एक मल्टिप्लग शोधून आणला, अर्धा त्याला, अर्धा मला. पुढचे दोन तास कुणी मॉकटेल मागवलं की माझ्या अँपमधून घर्रर्र. गायक डोळे मिटून अंतरा गातोय आणि खाली हे. तिसऱ्यांदा झालं तेव्हा मी त्या पोराकडे बघितलं. तो म्हणाला, "भिया, आर्डर तो बनाना पड़ेगा ना."

रात्री रामबागेत घरी पोचलो. आई जागी होती. "कसं झालं रे?" म्हणाली. म्हटलं, "ज्यूस सेंटर चांगलं चाललं."

तेव्हापासून कुणी नवा मुलगा विचारायला आला, "दादा, कुठलं पेडल घेऊ?" की मी उलट विचारतो, तुझ्याकडे पाच मीटरचा बोर्ड आहे का? बेस वाजवणाऱ्यानं पैसे आधी कंटाळवाण्या वस्तूंवर घालावेत असं माझं मत झालंय, आणि ते दर कार्यक्रमागणिक पक्कं होत चाललंय. पहिल्या बुकिंगपासून रात्रीच्या हिशेबापर्यंत, ज्या क्रमानं गोष्टी समोर येतात त्याच क्रमानं सांगतो.

महिनाभर आधी : वाद्य

चार तारांचा बेस पुरे. त्याची सगळ्यांत जाड मोकळी तार, ई, साधारण ४१ हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ४१ कंपनांवर वाजते. पाच तारांच्या बेसची बी तार ३१ वर. पबात टांगलेले बहुतेक स्पीकर तिथपर्यंत उतरतच नाहीत. तुम्हाला बोटाखाली थरथर जाणवते, समोरच्याला काही ऐकू येत नाही. पुढे गायकाच्या पट्टीसाठी खालचे सूर लागायला लागले की घ्या पाच तारा. पहिल्या वर्षी नको.

नवीन घेत असाल तर दुकानात एवढंच विचारा : अ‍ॅक्टिव्ह की पॅसिव्ह? अ‍ॅक्टिव्ह बेसच्या पोटात ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी असते. यामाहाचा टीआरबीएक्स १७४ पॅसिव्ह आहे, बॅटरीची भानगडच नाही. आयबानेझच्या जीएसआर २०० मध्ये बॅटरी लागते. दोन्ही शिकाऊ लोकांचे भरवशाचे बेस. पण अ‍ॅक्टिव्ह घेतलात तर एक लक्षात ठेवा : केबल खोचलेली राहिली की बॅटरी खर्च होत राहते, तुम्ही वाजवा की झोपा. माझी एकदा दुसऱ्या सेटच्या मध्यावर गेली. अचानक गेली असती तर बरं, आधी आवाज फाटायला लागला, आणि मला वाटलं स्पीकर गेला. साउंडवाल्याला वाटलं त्याचं चॅनल गेलं. दहा मिनिटं आम्ही दोघं एकमेकांच्या वस्तू तपासत होतो. आता ब्रेकला बसलो की केबल बेसमधून काढतो, आणि खिशात एक नवी बॅटरी असतेच.

आकाराबद्दल फार डोकं लावू नका. लिओ फेंडरनं १९५१ मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणला. त्याच्या मानेवर फ्रेट, म्हणजे आडव्या धातूच्या पट्ट्या होत्या म्हणून सूर नेमका लागायचा, म्हणून ते नाव. १९६० मध्ये जॅझ बेस आला. आज दुकानात टांगलेल्या दहापैकी आठ बेस या दोघांचीच लेकरं. जॅझ प्रकारच्या बेसचे दोन्ही पिकअप (तारांचा आवाज टिपणारी चुंबकं) पूर्ण उघडे ठेवले तर दोघांची गुणगुण एकमेकींना खाऊन टाकते. एकाचा आवाज कमी केला की ती परत येते. पबातल्या डिमरच्या दिव्यांखाली उभं राहिलात की हे फार उपयोगी पडतं.

तारा ४५ ते १०५ या मापाच्या (जाडी हजारांश इंचात) घ्या आणि दर महिन्याला बदलायच्या फंदात पडू नका. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीसाठी वाजवणारा जेम्स जेमरसन तारा तुटल्याशिवाय बदलत नसे, आणि त्याच्यापेक्षा गोड बेस वाजवणारे मला मोजकेच माहीत आहेत. वाजवून झालं की कोरड्या फडक्यानं पुसा, तेवढं केलं तरी खूप. बेसची मान मात्र वर्षातून दोनदा तरी बघून घ्या. आपल्याकडे मे महिन्यात लाकूड सुकून कडकडतं आणि जुलैत पाणी पितं; मान थोडी वाकते, तारा वर येतात किंवा फ्रेटवर घासायला लागतात. आतली सळई पावपाव फेऱ्यानंच फिरवायची, प्रत्येक फेऱ्यानंतर पुन्हा सूर मिळवून बघायचं. हात धजत नसेल तर जाणत्याकडे न्या.

त्याच महिन्यात : काळी पांढरी

हे मला कुणी सांगितलं नव्हतं म्हणून सविस्तर सांगतो. यूट्यूबवर शिकलेला मुलगा ई, ए, डी, जी अशा नावांनी विचार करतो. इंदूरच्या पबातला गायक बऱ्याचदा हार्मोनियमवर वाढलेला असतो, निदान त्याचे गुरुजी तरी. तो वळून म्हणतो, "काळी चार." आणि तुम्ही नुसते बघत राहता.

तर बघा. काळी एक म्हणजे सी शार्प : ए तारेवर चौथा फ्रेट. काळी दोन, डी शार्प : त्याच तारेवर सहावा. काळी तीन, एफ शार्प : ई तारेवर दुसरा. काळी चार, जी शार्प : ई तारेवर चौथा. काळी पाच, ए शार्प : ई तारेवर सहावा. पांढऱ्या सी पासून मोजायच्या. पांढरी एक ए तारेवर तिसरा फ्रेट, पांढरी चार म्हणजे एफ, ई तारेवर पहिला. पुरुष गायक साधारण काळी एक-दोनच्या आसपास सापडतात, बायका काळी चार-पाचला. हे हाताला बसेपर्यंत रोज दहा मिनिटं कुणाला तरी समोर बसवून ओरडायला सांगा. माझ्या धाकट्या बहिणीनं हे काम केलं. भेंडी चिरता चिरता ती "काळी दोन! पांढरी सहा!" असं ओरडायची. शेजारच्या काकूंना वाटायचं आमच्याकडे पत्ते चाललेत.

यात एक मेख आहे. काळी एकचा सा धरून शुद्ध स्वरांचं गाणं वाजवलंत तर चारपैकी एकही मोकळी तार त्यात बसत नाही. घरी मोकळ्या तारांवर टेकून टेकून वाजवायची सवय लागलेली असते, आणि इथं टेकायला जागाच नाही. म्हणून सगळी गाणी एकदा मोकळ्या तारा न वापरता बसवा. मग पट्टी बदलली तर हात तसाच्या तसा सरकवायचा, काम झालं.

दुसरी मेख गिटारवाल्याची. तो कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा लावतो आणि सांगतो, "मी जी वाजवतोय." कॅपो दुसऱ्या फ्रेटवर असेल तर त्याच्या बोटांचा जी तुमच्यासाठी ए आहे. त्याच्या तोंडाकडे बघू नका, कॅपोकडे बघा.

बुकिंग आलं : बोलणी

फोनवर ठरलेलं सगळं त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा आणि समोरच्याचा "ओके" येऊ द्या. किती वाजता पोचायचं, किती सेट, प्रत्येक सेट किती मिनिटांचा, साउंड सिस्टिम कुणाची, जेवण आहे का, अ‍ॅडव्हान्स किती, उरलेले पैसे त्याच रात्री की नंतर, आणि त्यांनी ऐनवेळी रद्द केलं तर काय. गाण्यांच्या हक्कांचं लायसन्स सहसा जागेचा मालक किंवा आयोजक काढतो. ते त्यांच्याकडे आहे एवढं त्या मेसेजमध्येच येऊ द्या. "आपलाच माणूस आहे" म्हणून न लिहिलेल्या एका कार्यक्रमाचे पैसे मला अजून यायचेत. त्या आपल्या माणसाच्या मुलीच्या लग्नात मात्र मी जेवून आलो.

तारखेवर नजर ठेवा. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर हे ड्राय डे. पब उघडा असला तरी गर्दी नसते आणि बुकिंग गळतं. उज्जैनला १ एप्रिल २०२५ पासून दारूबंदी आहे, त्यामुळे तिथली कामं आता कॅफे, हॉटेल आणि लग्नं एवढीच. गणपतीत आपल्या मराठी मंडळांमध्ये वाजवा. पैसे नसतील, पण समोर सहा वर्षांच्या पोरापासून ऐंशीच्या आजोबांपर्यंत श्रोते असतात, आणि कुणीही प्यायलेलं नसतं. सराव करायला याहून चांगली जागा नाही.

आठवडाभर आधी : पिशवी

आता कंटाळवाण्या वस्तू. पाच मीटरचा, अर्थिंगची पिन शाबूत असलेला एक्स्टेन्शन बोर्ड, त्यावर लाल पेंटनं तुमचं नाव. केबल दोन, साधारण सहा मीटरच्या. दोन का, तर एक तुटणार म्हणून. तुटते ती नेहमी पिनपाशी. पिन उघडून झाळता येते, जेल रोडवर इलेक्ट्रॉनिक्सचं सामान विकणाऱ्यांकडे पी-३८ पिन मिळते, घरी सोल्डरिंग आयर्न असेल तर अर्ध्या तासाचं काम. केबल कोपरावर गुंडाळणाऱ्या माणसाला माझी केबल मी देत नाही. आतल्या तारेला पीळ बसतो आणि चार महिन्यांत ती खरखरायला लागते. एक वेटोळं सुलट, एक उलट, असं घाला; फेकली की सरळ उलगडते.

क्लिपचा ट्यूनर. पबात हेडफोन लावून सूर मिळवता येत नाही, आणि मोबाईलचं अ‍ॅप गर्दीच्या आवाजात वेडं होतं. पट्टा तीन इंच रुंद. चार किलोचा बेस तीन तास खांद्यावर असतो, अरुंद पट्टा दुसऱ्या सेटला खांद्यात रुततो. पट्टा बटणावरून सुटू नये म्हणून वर एक जाड रबरी वायसर बसवा, काही रुपयांचं काम. माझ्या मित्राचा बेस असाच सुटून पायावर पडला होता. बेसला काही झालं नाही. अंगठ्याला झालं.

टॉर्च, पेचकस, अ‍ॅलन की, काळी चिकटपट्टी, जुनं फडकं, नवी बॅटरी, कानात घालायचे प्लग. शेवटच्या वस्तूला नवी मुलं हसतात. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सहन करता येतो असा एक रूढ हिशेब आहे, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. आपण झांजांपासून दोन हातांवर उभे असतो. मला डाव्या कानात आता रात्री बारीक शिट्टी ऐकू येते. ड्रमर नेहमी माझ्या डाव्या बाजूला असायचा.

या सगळ्यात सगळ्यांत महत्त्वाची वस्तू डीआय बॉक्स. वीटभर आकाराची, दिसायला अगदी भिकार. तिचं काम असं : बेसमधून येणारा सिग्नल नाजूक असतो, लांब वायरीतून गेला तर वाटेत मरगळतो आणि गुणगुण गोळा करतो. डीआय त्याला साउंडवाल्याच्या मिक्सरला पचेल अशा रूपात बदलून तीन पिनांच्या वायरीतून पाठवते. आपले साउंडवाले त्या वायरीला कॅनन म्हणतात. मग पन्नास मीटर लांब गेलं तरी चिंता नाही. पॅसिव्ह बेस असेल तर अ‍ॅक्टिव्ह डीआय घ्या, अ‍ॅक्टिव्ह बेस असेल तर साधी पॅसिव्ह डीआय चालते. अ‍ॅक्टिव्ह डीआयला वीज लागते. ती मिक्सरवरून त्याच वायरीतून येते, तिला ४८ व्होल्टचं फँटम म्हणतात, ते बटण दाबायला साउंडवाल्याला सांगावं लागतं. "तुमच्याकडे डीआय असेल ना?" असं विचारलं की तिकडून "हो हो, सगळं आहे" येतं. पोचल्यावर कळतं की "सगळं" म्हणजे दोन माइक आणि एक लांब वायर. म्हणून स्वतःची.

अँपबद्दल मुद्दामच उशिरा लिहितोय. पबात बेसचा आवाज लोकांपर्यंत पबाच्या साउंड सिस्टिममधून जातो. तुमचा अँप तुम्हाला आणि ड्रमरला ऐकू यावं एवढ्यासाठी. लहान कॉम्बो (अँप आणि स्पीकर एकाच खोक्यात) पुरे. कार्यक्रम मोठे व्हायला लागले की वॉट मोजायला लागतात, तेव्हा हे लक्षात ठेवा : वॉट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबल वाढतो, कानाला तो जेमतेम कळतो. शंभरचा विकून दोनशेचा घेणाऱ्याची निराशा ठरलेली. आणि वेगळा हेड (नुसता अँप), वेगळा कॅबिनेट (स्पीकरचं खोकं) घेतलात तर ओहम वाचा. आठ ओहमचे दोन कॅबिनेट जोडले की मिळून चार होतात. अँपवर "किमान ४" लिहिलं असेल तर तिसरा जोडायचा नाही, अँप जळू शकतो. त्यांच्यामधली वायर स्पीकरची जाड वायरच हवी. बेसची केबल तिथं लावू नका.

त्या दिवशी दुपारी

अ‍ॅक्टिव्हा स्कूटरवर बेस पाठीला लावून निघालात की आपली उंची दीड फूट वाढलेली असते, हे राजवाड्याच्या गल्ल्यांमधल्या दुकानांच्या पाट्या तुम्हाला शिकवतील. पावसाळ्यात रेनकोट बेसला घाला, तुम्ही वाळाल. गाडीनं जात असाल तर मे महिन्यात बंद गाडीत बेस ठेवून पोहे खायला थांबू नका. पोहे दहा मिनिटांचे म्हणता, होतात चाळीस.

पाच वाजता : आधी करंट, मग सूर

पोचल्यावर बेस काढायच्या आधी सॉकेट बघा. फ्रीज, मिक्सर, बर्फाचं मशीन, डिमरचे दिवे यांच्या लायनीवर बसू नका. संपूर्ण बँडनं शक्यतो एकाच बोर्डावरून वीज घ्यावी. मोठ्या जागांत तीन फेज असतात आणि कुणीतरी माइकची सिस्टिम एका फेजवरून, अँप दुसऱ्यावरून घेतो. अर्थिंग नीट नसेल तर हातात तारा आणि ओठाला माइक अशा अवस्थेत जो झटका बसतो तो विसरता येत नाही. पेचकसातला टेस्टर माइकच्या जाळीला आणि बेसच्या तारेला लावून बघा. दिवा मिणमिणला तरी वाजवायला बसू नका, आधी अर्थिंग बघायला सांगा. गुणगुण घालवण्यासाठी प्लगची अर्थची पिन काढून टाकणारे बहाद्दर भेटतील. त्यांना हात जोडा. डीआयवर ग्राउंड लिफ्ट नावाचा खटका असतो, तो दाबा. तो फक्त सिग्नलच्या वायरीतली अर्थ तोडतो, वीजेची नाही.

गंमत म्हणजे आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, आणि ई तारेवरच्या तिसऱ्या फ्रेटचा सूर ४९. म्हणजे खराब अर्थिंगची गुणगुण ही किंचित चढलेली पांढरी पाच. पांढरी पाचमधलं गाणं असेल तर ती बेसूर तानपुऱ्यासारखी रात्रभर सोबत करते.

आता खोली. साधारण चार मीटर रुंदीच्या खोलीत समोरासमोरच्या भिंतींमध्ये ४३ हर्ट्झच्या आसपासचा सूर घुमतो. तुमची मोकळी ई ४१ ला, पहिल्या फ्रेटचा एफ ४४ च्या जरा खाली. म्हणजे हे दोन सूर ढुम्म आणि बाकीचे गायब. अँप कोपऱ्यात ठेवलात तर आणखी ढुम्म. कोपऱ्यातून बाहेर काढा, जमिनीवरून उचलून खुर्चीवर ठेवा, आणि तोंड तुमच्या गुडघ्यांकडे न ठेवता कानांकडे करा. बेस वाजवणारे स्वतःचे गुडघे फार ऐकतात. मग लांब केबल लावून वाजवत वाजवत शेवटच्या टेबलापर्यंत चालत जा. तिथं जे ऐकू येतं ते खरं.

साउंडवाल्याशी पहिल्या पाच मिनिटांत ओळख करून घ्या, चहा पाजा, नाव लक्षात ठेवा. त्याच्या बटणांना हात लावू नका. गेन, म्हणजे तुमचा आवाज मिक्सरनं किती घ्यायचा ते ठरवताना नवी मुलं हळूच वाजवतात आणि कार्यक्रमात जोरात. उलटं करा, तेव्हाच सगळ्यांत जोरात वाजवून दाखवा. आवाज गढूळ वाटत असेल तर २०० ते ३०० हर्ट्झ थोडं उतरवायला सांगा, ४० च्या खालचं सगळं कापायला सांगा. बोटं ऐकू येत नसतील तर ७०० ते १००० च्या मध्ये थोडं चढवायचं. खर्ज वाढवून बेस स्पष्ट होत नाही. आपण तेच मागतो आणि तो देत नाही म्हणून रुसतो. घरी एकट्यानं छान वाटलेला टोन बँडमध्ये बुडतो. आणि लोक भरले की खोली पुन्हा बदलते, माणसं आवाज पितात. पहिली दोन गाणी संपल्यावर साउंडवाल्याकडे एकदा बघा.

आठ वाजता

इंदूरच्या पबात दरवेळी ड्रमसेट नसतो. बऱ्याचदा ऑक्टोपॅड, म्हणजे काठ्यांनी वाजवायचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य असतं, त्यातला ढोल किंवा किक (ड्रमसेटमधला पायानं वाजणारा मोठा ड्रम) थेट तुमच्या सुरांवर येऊन बसतो. वाजवणाऱ्याला आधीच विचारा की केहरव्यात तो जड आघात कुठल्या मात्रेवर देतो, आणि तुम्ही तिथंच पडा. आठ मात्रांत तुमचे दोन सूर पुरेत. कीबोर्डवाला हा दुसरा पाहुणा. वर्षानुवर्षं ऑर्केस्ट्रात बेसशिवाय वाजवल्यामुळे त्याचा डावा हात आपोआप खर्जात जातो. भांडू नका. "दादा, आज डाव्या हाताला सुट्टी द्या, मी आहे," असं एकदा म्हणा. तीन गाण्यांनंतर हात परत खाली येईल, तेव्हा परत म्हणा.

आपण ज्या शहरात राहतो तिथं ख्यालगायक अमीर खाँ साहेब झूमरा तालाच्या चौदा मात्रा इतक्या सावकाश पसरायचे की दोन मात्रांमध्ये माणूस श्वास घेऊन विचार करू शकेल. मला बेसबद्दलची सगळ्यांत मोठी गोष्ट त्यांच्या रेकॉर्डिंगमधून कळली. पबात अंतऱ्याच्या आधी चार मात्रा पूर्ण गप्प बसून बघा. शेवटच्या टेबलावरचा माणूस प्लेटमधून मान वर काढतो, का ते त्याला कळत नाही.

चुकलात तर चेहरा हलवू नका. चुकीच्या सुराच्या शेजारीच बरोबर सूर असतो, एक फ्रेट वर किंवा खाली. फर्माईश येईल, नोटेसकट येईल. गाणं येत नसेल तर गायकाकडे बोट दाखवा. नोटही त्याच्याकडेच जाते, त्याला इलाज नाही.

दहानंतर

ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम सांगतात की रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. सूट आहे ती बंदिस्त जागेला, आतल्या आत. रूफटॉप ही बंदिस्त जागा नव्हे, वर कितीही छान छत टाकलेलं असो. आणि इथं आपली पंचाईत अशी की गायकाचा, गिटारचा आवाज भिंत अडवते, खर्ज भिंतीतून आरपार जातो. शेजारच्या इमारतीतल्या माणसाला गाणं ऐकू येत नाही, फक्त तुम्ही ऐकू येता. ढुम, ढुम, ढुम. म्हणून तक्रार आली की मॅनेजर धावत येतो तो तुमच्याकडेच. एकदा एक काका पायजम्यात स्वतःच वर आले. मराठी ऐकून जरा निवळले, मग म्हणाले, "अरे, किती वेळ वाजवून राहिलास तू? माझ्या कपाटातली भांडी हलून राहिली आहेत."

पावणेदहालाच अँप निम्मा करा, ४० ऐवजी ६० च्या खालचं कापून टाका, आणि उजव्या हाताचा तळवा ब्रिजजवळ, जिथं तारा खाली अडकवलेल्या असतात तिथं, तारांवर हलका टेकवून अंगठ्यानं वाजवा. सूर आखूड आणि मऊ होतात, ताल तसाच राहतो. बंद जागेतही शेवटच्या सेटला मी असंच वाजवतो. लोक तेव्हा बोलायला लागलेले असतात. मालकाला ते बोलणं आणि पुढची ऑर्डर हवी असते.

हिशेब

पैसे हातात पडल्याशिवाय सामान गाडीत टाकू नका, आणि हिशेब पबाच्या दारात करू नका. आम्ही सराफ्यात जातो. सोन्याची दुकानं बंद होऊन खाण्याच्या गाड्या लागलेल्या असतात, थंडीत गराडू (तळलेला, मसाला लावलेला कंद), एरवी भुट्ट्याचा कीस. पेट्रोल आधी बाजूला काढायचं, कुणी केबल किंवा सिस्टिम भाड्यानं आणली असेल ते काढायचं, उरलेले सारखे वाटायचे. गायकाला जास्त द्यायचं ठरलं असेल तर ते आधीच ठरलेलं असावं, गराडूवर मसाला पडल्यानंतर नव्हे.

त्याआधी, पबातून निघतानाच, पिशवीतल्या वस्तू बोटांवर मोजा. माझ्या अकरा होतात. पहिला बोर्ड मी असाच विसरून आलो होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी आणायला गेलो तर काउंटरमागे तोच बोर्ड, माझ्या लाल नावासकट, आणि त्यावर मिक्सर, फ्रीज नि कुणाचा तरी मोबाईल लागलेला. ते पोरगं म्हणालं, "भिया, ये तो बड़े काम की चीज़ है." मी तो तिथंच ठेवला. आता त्या पबात गेलो की मला काउंटरबाहेर वेगळं सॉकेट मिळतं.